जमिनीवर पडलेले चष्मे

अर्ध्या वाटेवर वेंडल टायाडेन कुंपणाच्या खांबाला धरून थांबले आणि आर्डिसला म्हणाले, "तू हो पुढे. माझा गुडघा येतोय मागून."

आर्डिस पुढे गेली नाही. एका हाताला वाळलेला मका पुरुषभर उंच उभा होता, दुसऱ्या हाताला सोयाबीन काढून मोकळं झालेलं रान, आणि मधून कुंपणाच्या कडेने माणसांच्या पायांनी पडलेली वाट. ही वाट जिथे संपते तिथे फेब्रुवारीतल्या एका रात्री छोटं विमान कोसळलं होतं. तीन तरुण गाणारे गेले, विमान चालवणारा पोरगाही गेला. त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी लांबलांबून लोक येतात. फुलं ठेवतात, नाणी ठेवतात, आणि चष्मे ठेवतात, कारण तिघांतला एक जण काळा, जाड काड्यांचा चष्मा लावून गायचा.

आर्डिस आली होती ती या चष्म्यांसाठीच. चर्चच्या तळघरात जुन्या चष्म्यांची पेटी असते. ती भरली की मिशनचे लोक नेतात आणि ज्यांना चष्मा परवडत नाही अशा मुलखांत वाटतात. पेटी आर्डिसकडे. दर ऑक्टोबरला, मक्याच्या कापणीचं यंत्र यायच्या आधी, वेंडल पिशवीभर चष्मे आणून देत. कुठून आणले, हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना माहीत होतं. पण यंदा उन्हाळ्यात पाद्रीबाबांना एका माणसाचा फोन आला. त्याने आपल्या वारलेल्या वडिलांचा चष्मा तिथे ठेवला होता. वर्षाने परत येऊन बघतो तर जागेवर नाही. माणूस भांडला नाही, रडला. मग चर्चच्या बैठकीत ठरलं, तिथले चष्मे यापुढे घ्यायचे नाहीत. आणि वेंडलना सांगायचं काम आर्डिसकडे आलं.

तिने सकाळीच मनातल्या मनात देवाला सांगितलं होतं, मला नीट शब्द दे. निम्मी वाट सरली तरी शब्द काही आले नव्हते.

"तुमची मुलगी कधी येतेय तुम्हाला न्यायला?" तिने विचारलं.

"शुक्रवारी. तिच्या घराखाली खोली आहे म्हणे. खोली कसली, तळघरच. बटाटे ठेवतात तसा मला ठेवणार."

"बटाट्याला जिना चढून जेवायला बोलावत नाहीत."

"तिच्या हातचं जेवण तू जेवलेली नाहीस," वेंडल म्हणाले आणि चालू लागले.

ते मूळचे शेजारच्या शेताचे. विमान पडलं त्या सकाळी गुरांना वैरण घालत होते. बर्फात पोलिसांच्या गाड्या उभ्या दिसल्या, शेजाऱ्याने काय झालं ते सांगितलं, आणि ते पुन्हा गुरांकडे वळले, कारण गुरं उपाशी होती. त्या पोरांचं एकही गाणं त्यांना येत नाही. त्यांची बायको अर्मा मात्र रेडिओवर ती गाणी लागली की फरशी पुसायची काठी धरून स्वयंपाकघरात नाचायची.

जागा आली. तारेला पाचसहा चष्मे अडकवलेले होते, खाली गवतात आणखी काही पडलेले. वेंडलनी खिशातून पिशवी काढली.

"वेंडल, थांबा," आर्डिस म्हणाली. "पेटीत आता हे घ्यायचे नाहीत असं ठरलंय." मग तिने फोनचं सगळं सांगितलं. वडिलांचा चष्मा, वर्षाने परत येणं, माणसाचं रडणं. काही गाळलं नाही.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पिशवीची घडी घातली.

"तारेवरचा मी कधी घेतला नाही," ते म्हणाले. "खाली पडलेलेच. यंत्राखाली चुरा होणारे."

"त्याच्या वडिलांचाही पडला असेल वाऱ्याने."

"असेल. मग मीच नेला." तारेकडे बघत त्यांनी विचारलं, "आता कुठे असेल गं तो?"

"मागची पेटी बोलिव्हियात गेली."

"बोलिव्हिया," वेंडल म्हणाले. "त्याच्या बापाने एवढा प्रवास केला नसेल."

आर्डिसला हसू आलं आणि लगेच त्या हसण्याचं वाईटही वाटलं. वेंडल थर्मासमधली कॉफी झाकणात ओतत होते. झाकण त्यांनी तिच्या हातात दिलं आणि खजुराची एक वडी.

"तुम्ही हे सुरू कशाला केलंत?" तिने विचारलं.

"चर्चमध्ये तू ऑर्गन वाजवायचीस. मी तेव्हा गाणी कशी म्हणायचो आठवतंय?"

तिला आठवत होतं. वेंडल पहिलं कडवं दणक्यात म्हणायचे आणि पुढे नुसते ओठ हलवायचे. गीतांचं पुस्तक नवं आल्यावर तर पहिलंही बंद झालं. मग एका हिवाळ्यात, देवाची करणी म्हणावी तसे, ते चारही कडवी म्हणायला लागले. बेसूर, पण शब्दाला शब्द.

"आम्हाला वाटलं, अर्मा गेली म्हणून तुम्ही देवाकडे वळलात."

"देवाकडे होतोच. अक्षरं दिसत नव्हती, पाठ होतं तेवढंच म्हणायचो. लाज वाटायची सांगायला, डॉक्टरकडे जायलाही. इथे एक पडलेला मिळाला, गंमत म्हणून लावून बघितला. बियाण्याच्या पिशवीवरचं बारीक अक्षर वाचता आलं. मी शेतातच सगळी पिशवी वाचून काढली."

"मेलेल्याचा चष्मा लावून?"

"मेलेल्याला वाहिलेला. त्याने वापरला नाही."

तिच्या आईने त्या विमानाची बातमी ऐकून म्हटलं होतं, नाचगाण्याचं फळ मिळालं. आर्डिसला तेव्हाही ते पटलं नव्हतं, पण ती गप्प बसली होती. आताही ती कॉफी पीत गप्प बसली.

वेंडलनी कोटाच्या आतल्या खिशातून लोकरीचा मोजा काढला. त्यात चष्मा होता. एक काडी तारेने बांधलेली, काचा मात्र स्वच्छ.

"हा तो पहिला. पुढे मुलीने नवा करून दिला, तरी ठेवला होता. आज परत ठेवावा म्हणून आणला. आता तू त्या माणसाचं सांगितलंस, तर तेच बरोबर वाटतं. पण काच चांगली आहे गं. कुणाला तरी अक्षर दिसेल."

त्यांनी मोजा तिच्या हातात दिला.

"मी आता रस्त्याकडे निघतो हळूहळू. तू थांब. इथे अडकवायचा की पेटीत टाकायचा, ते तू ठरव. पण मला सांगू नकोस."