बोलिव्हियाची रेघ

मोहिते गेल्याचा फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये मत्रहच्या बाजारात एका जुन्या गिऱ्हाइकाला पासपोर्ट परत द्यायला गेले होते. मोहितेवहिनी एवढंच म्हणाल्या, "मी चहा गाळेपर्यंत हे बोलत होते..." टॅक्सी करून मी रुवीला त्यांच्या घरी पोचले. पुढचे चार दिवस कागदपत्रांत गेले. परदेशात वारलेल्या माणसाला गावी पाठवायचं काम आम्ही दोघांनी इतरांसाठी कितीदा केलं होतं. या वेळी ते मी एकटीने केलं, आणि त्यात रडायचं राहून गेलं. आता सहा आठवडे झाले, म्हणून लिहायला बसले आहे.

रुवीतल्या एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात आमची टेबलं अठरा वर्षं शेजारी होती. काम बहुतेक मुंबई आणि कोचीच्या तिकिटांचं. मोहिते पेणजवळच्या खेड्यातले, वडील मिठागरावर कामाला. त्यामुळे बोलिव्हियातल्या उयुनीच्या मिठाच्या पठाराचा फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "बाई, एवढं मीठ, आणि एकही बांध घातलेला नाही." तेव्हापासून त्या देशाचं त्यांना वेड लागलं. स्वतः मुंबई आणि मस्कतपलीकडे कुठे गेले नव्हते, पण सुक्रेची पांढरी घरं, पोतोसीच्या चांदीच्या खाणी, ला पाझहून खाली जंगलात उतरणारा रस्ता, सगळं त्यांना आमच्या कँटीनच्या रस्त्याइतकं पाठ होतं.

बोलिव्हियाला जाणारं पहिलं गिऱ्हाईक मात्र माझ्याकडे आलं, आणि मी चूक केली. प्रवास लांबतो म्हणून त्या नवरा-बायकोला थेट ला पाझला उतरवलं. समुद्रकाठी राहणारी माणसं एकदम चार हजार मीटरवर. तीन दिवस दोघं हॉटेलात ऑक्सिजन लावून पडून होती. मोहित्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर एक रेघ ओढली. रेघ तिथल्या मैदानातल्या सांताक्रूझला सपाट सुरू झाली, सुक्रेला चढली, पोतोसीला आणखी वर गेली, उयुनीला जराशी उतरली, मग ला पाझहून नदीकाठच्या रुरेनाबाकेला खाली आली. प्रत्येक गावाखाली उंची आणि किती रात्री झोपायचं ते. "आधी खाली झोपायचं. अंगाला कळू द्यायचं आपण कुठे निघालोय," ते म्हणाले. पुढे तिकडे जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी अशी रेघ काढून दिली. सांताक्रूझ ऐकून हटकून कोणीतरी विचारायचं, "म्हणजे पार्ल्याच्या पुढचं?" मोहिते शांतपणे म्हणायचे, "हो, थोडं पुढे."

निवृत्तीनंतर स्वतः जायचं ठरवलं होतं. त्याआधीच हृदयात स्टेंट बसला. तरी त्यांनी माझ्याकडे तिकीट मागितलं. मी म्हटलं, आधी इथल्या जबल अख्दर डोंगरावर जाऊन येऊ. भाड्याची फोर-व्हील घेऊन मी, ते आणि वहिनी डोंगरावर गेलो. डाळिंबाच्या बागांपाशी वीस पायऱ्या होत्या. अकराव्या पायरीवर ते दगडावर बसले आणि बागेकडे बघायचं नाटक करू लागले.

"मोहिते, ही पोतोसीच्या निम्मी उंचीसुद्धा नाही," मी म्हटलं. "खलास. मी तिकीट काढणार नाही."

"दुसरीकडून काढलं तर?"

"काढा. पण रेघ कोण तपासणार?"

ते हसले. दुसरीकडून त्यांनी काढलं नाही. त्यानंतर तीन महिन्यांनी रुवीत, समुद्रसपाटीवर, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत गेले. मी बरोबर वागले का? डॉक्टरांना विचारलं तर हो म्हणतील.

मागच्या आठवड्यात वहिनी त्यांची फाईल घेऊन ऑफिसात आल्या. शेवटचा कागद आमच्या डोंगरावरच्या फेरीनंतरचा होता, कारण त्यावर दोन रेघा होत्या. खालची पट्टीने ओढलेली, सांताक्रूझपासून सांताक्रूझपर्यंत सपाट, तिच्यावर लिहिलं होतं, "मी." वरची नेहमीसारखी सुक्रे, पोतोसी, उयुनी करून परत खाली येणारी. तिच्यावर, "सुनंदा आणि बाई." सुनंदा म्हणजे वहिनी, बाई म्हणजे मी.

"मला कधी बोलले नाहीत. तुम्हाला?" वहिनींनी विचारलं.

"मलाही नाही."

त्यांनी वरच्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "मला त्या मिठाशी काही देणंघेणं नव्हतं हो. पण आता जायला हवं."

मी दोन तिकिटं काढली. परतीला सांताक्रूझला तीन रात्री कशाला, थेट निघू, असं वहिनींचं म्हणणं पडलं. तिथे आमची वाट बघायला कोणी नसेल हे दोघींनाही माहीत आहे. तरी मी रात्री कमी केल्या नाहीत. रेघ त्यांची आहे, मी फक्त तिकीट काढते.

कागद मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. उयुनीपाशी पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ आहे. फोटो वगैरे काढा असं काही नाही, मिठागरावरच्या माणसाच्या पोराने विचारावं तेवढंच आहे: "मीठ किती जाड आहे ते बघून खाली येऊन सांगणे."