बारा फूट पाणी

त्या काळी मी सोलापुरातल्या एका कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या, बॅटऱ्यांत ॲसिड भरायचं आणि प्राध्यापकांना ज्याचा कंटाळा येईल ते करायचं. मी पंचविशीची होते, बी.एस्सी. पहिल्या वर्गात झालेली, आणि जिभेला हाड नव्हतं. माझ्याशी वाद घालायला घरची माणसंसुद्धा कचरत. मला वाटायचं, हे माझ्या हुशारीमुळे.

संक्रांत होऊन गेली होती. मत्स्य खात्याच्या एका साहेबांनी आमच्या प्राध्यापकांकडे फिजिक्सचा माणूस मागितला. कुठल्याशा परदेशी मदतीतून त्यांच्याकडे पाण्याखालचं दाखवणारं यंत्र आलं होतं. यंत्र एकच, पण पाण्यात सोडायचे ट्रान्सड्यूसर दोन. हा ट्रान्सड्यूसर म्हणजे यंत्राचं तोंडही आणि कानही. तो पाण्यात आवाज सोडतो, तळावर आपटून परत आलेला आवाज ऐकतो, आणि जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र खोली सांगतं. दोनांपैकी एक ठेवून दुसरा पुढच्या जिल्ह्याला पाठवायचा होता. कुठला ठेवायचा ते पुढच्या सोमवारपर्यंत लेखी कळवायचं होतं. तळ्यावर उन्हात कोण जाणार, म्हणून प्राध्यापकांनी मला धाडलं.

तळं मोडनिंबच्या बाजूला होतं. बहात्तरच्या दुष्काळात ते पार आटलं होतं आणि कोरड्या तळात वेडी बाभूळ माजली होती. लोकांनी ती जळणाला तोडली, खुंट तसेच राहिले. पुढे पाऊस झाला, तळं भरलं, खुंट पाण्याखाली गेले. काठावर सहा भोई कुटुंबांची सोसायटी होती. त्यांची जुनी सुती जाळी या खुंटांनी केव्हाच खाल्ली होती. आता खात्याकडून एक नायलॉनचं लांबलचक जाळं मिळालं होतं, आणि दुसरं मिळणार नाही असं साहेबांनी बजावलं होतं. जाळं एका टोकाने काठावर धरायचं, दुसरं टोक पाण्यातून वळसा घालून आणायचं आणि मग सगळ्यांनी ओढायचं. खुंटात अडकलं की गेलं. म्हणून ते महिनाभर छपराच्या आड्याला कोरंच टांगलेलं होतं. पाणी गढूळ, बांबूने चाचपावं तर एक खुंट सापडतो आणि शेजारचा राहतो. यंत्राने मोकळा तळ दाखवायचा, एवढंच आमचं काम.

सोसायटीच्या म्होरक्याला मी मामा म्हणायला लागले. साठीचा, काटक, बोलायला मऊ माणूस. त्यांच्याकडे होडी नव्हती. गुऱ्हाळातली एक जुनी काहील होती, गुळाची, लोखंडी, दोन माणसं ऐसपैस बसतील अशी. तीच पाण्यात ढकलून ते मासे धरत. माझ्या हातातल्या पुस्तिकेत लिहिलं होतं, ट्रान्सड्यूसर होडीच्या मागच्या बाजूला बसवावा. मी ते मामांना वाचून दाखवलं.

"गोल भांड्याला मागं-म्होरं कुटलं, बाई?" मामा म्हणाले.

शेवटी काहिलीच्या काठाला बांबू बांधला आणि त्याच्या टोकाला ट्रान्सड्यूसर. दोनांपैकी एक पितळी, वरवंट्यासारखा जड, सहाशे फूट खोल बघणारा. दुसरा काळा, लोणच्याच्या बरणीच्या झाकणाएवढा, जेमतेम शंभर फुटांचा. साहेब म्हणाले, मोठा लावा. खरं सांगायचं तर मलाही मोठाच हवा होता. इतकं भारी पितळ हातात आल्यावर झाकणाकडे कोण बघतं?

काहिलीत मी, मामा आणि जीपची बॅटरी. यंत्राच्या तबकडीत एक लाल दिवा गरगर फिरत होता. शून्यापासून सातापर्यंत जाड लाल पट्टा उमटला होता. पुस्तिका म्हणत होती की शून्याजवळचा उजेड यंत्राचा स्वतःचा असतो, तो सोडून द्यावा. मी सोडून दिला. त्यापुढे बाराच्या आकड्यावर एकच स्पष्ट रेघ होती. काठापासून वळसा घातला तरी रेघ तिथेच.

"बारा फूट," मी म्हणाले. "खुंट-बिंट काही नाही. स्वच्छ तळ."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हितं येवडं पानी न्हाय, बाई. लई तर पुरुषभर."

त्यांनी हातातला बांबू खाली घातला. सहा फुटांवर टेकला. त्या क्षणी मी गप्प बसले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण मी म्हणाले, "बांबू खुंटावर टेकला असेल."

बारा फूट पाण्यात सहा फुटांचा खुंट, आणि तो नेमका बांबूखाली, आणि यंत्राला मात्र दिसत नाही! आज लिहितानाही माझे कान तापतात. मामांनी बांबू वर ओढून घेतला. मग म्हणाले, "आसंल. तुमी शिकल्याली मानसं." काठावरून साहेब ओरडत होते, "टाका, टाका!"

मामांनी जाळं टाकलं. ओढायला घेतलं आणि दहा पावलांत ते अडलं. पाण्यात उतरून, श्वास कोंडून, पोरासोरांनी नव्हे तर घरच्या कर्त्या माणसांनी ते खुंटांतून सोडवलं. बाहेर आलं तेव्हा त्यातून बैलगाडी गेली असती. साहेब जीपमध्ये जाऊन बसले. मामी फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन बसली होती. मला बघून म्हणाली, "चा घ्या की." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी चहा घेतला नाही आणि वाटभर मामा-मामींवरच चिडत आले, कारण स्वतःवर चिडायची मला सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या मागच्या सिमेंटच्या हौदात मी तोच पितळी गोळा सोडला. हौद चार फूट खोल, मी स्वतः टेपने मोजलेला. यंत्राने आठ दाखवले. मी टेप पुन्हा सोडला, तर चारच.

कारण साधं होतं. घंटेवर टोला दिला की नाद विरेपर्यंत जवळची कुजबूज ऐकू येत नाही. त्या मोठ्या गोळ्याचा नाद फार वेळ टिकायचा. तळावरून आलेला पहिला प्रतिध्वनी त्यातच बुडून जायचा. तोच आवाज पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जायचा, पुन्हा वर यायचा, आणि ही दुसरी फेरी तेवढी दिसायची. म्हणजे खोली बरोबर दुप्पट. शिवाय त्याची नजर अरुंद, आणि काहिलीत माणूस नुसता शिंकला तरी ती कलते. मग गोळा सरळ खाली बघायचं सोडून भलतीकडे बघणार. सहाशे फूट खोल समुद्रात तो राजा असेल. पुरुषभर पाण्यात तो बहिरा होता. मग मी काळं झाकण सोडलं. चार फूट. विटांचा ढीग ठेवला, तर चारच्या रेघेच्या अलीकडे दुसरी पुसट रेघ उठली. लहानाची नजर रुंद होती. आजूबाजूचंही तिला दिसत होतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "हौदावरून मी लहान ठेवा असं लिहू? मोठी वस्तू परत पाठवली तर वरचे मला वेड्यात काढतील. तळ्यात दाखवा, मग बघू."

शनिवारी मी एस.टी.ने तळ्यावर गेले. सहा घरांतली माणसं अंगणात बसून जाळं शिवत होती. चार दिवस तेच चाललं होतं. मी उभ्यानेच सांगितलं, "मामा, चूक माझी होती. तुमचा बांबू बरोबर होता."

"मला ठावं हुतं," मामा म्हणाले. सुई थांबली नाही.

मला रागच आला. "ठाऊक होतं तर टाकलं कशाला? एकच जाळं तुमचं!"

मामांनी गाठ आवळून दोरा तोडला. मग म्हणाले, "दोन वर्सं ह्या तळ्याच्या बुडात खड्डं खणून आमी वाटी-वाटीनं पानी भरलं, बाई. तुमी बारा फूट म्हनला. खरं आसावं आसं लई वाटलं."

मी तिथेच खाली बसले. मला पहिल्यांदा कळलं की माझ्या तोंडून निघालेला आकडा दुसऱ्याच्या घरात जाऊन काय करतो. मामीने चहा आणला. या वेळी घेतला. मग तिने मलाही सुई दिली आणि माझ्या गाठी उसवून पुन्हा घालत बसली.

रविवारी सकाळी साहेब जीपमधून यंत्र घेऊन आले, आणि काळं झाकण बांबूला बांधून आम्ही काहील पाण्यात घातली. शून्याजवळचा पट्टा आता बारीक होता. सहावर तळ. त्याच्या अलीकडे पुसट रेघ उठली की मी म्हणायची "खुंट", आणि मामा तिथे बांबू घालून बघायचे. प्रत्येक वेळी मीच म्हणत होते, "घाला बांबू." तीनचार खुंट असे सापडले. काठाला लागून पश्चिमेच्या अंगाला मात्र रेघ एकटीच राहिली. आम्ही तिथे तीन वळसे घातले. तिथेही मामांनी जागोजाग बांबू घातला. सहा, सहा, साडेपाच, सहा.

"इथे मोकळं आहे, असं मला वाटतं," मी म्हणाले. 'असं मला वाटतं' हे शब्द मी आयुष्यात फारसे वापरले नव्हते. "पण जाळं तुमचं. नको वाटलं तर नका टाकू."

मामांनी शिवलेल्या जागेवरून एकदा हात फिरवला. "बारा न्हाईत," ते म्हणाले. "पर सा हाईत की."

आणि त्यांनी जाळं सोडलं.

काठावर सहा घरं दोन्ही दोरांना लागली. साहेबांनीही पँट गुडघ्यापर्यंत वर घेतली. मी दोराला हात लावला नाही. बाजूला उभी राहिले आणि पाण्याकडे बघायची हिंमत होईना. दहा पावलं झाली. दोर चालत होता. वीस झाली. कुठेतरी हिसका बसल्यासारखं झालं; खुंटच, मला वाटलं. पण हिसका पुन्हा बसला, मग दुसऱ्या बाजूनं, मग चारी बाजूंनी. खुंट असा हलत नाही.

मला रडू फुटलं, सगळ्यांदेखत, नाक वाहीपर्यंत.

"रडताय कशापायी?" मामा दोर न सोडता ओरडले. "जाळं जड हाय! या हिकडं, धरा!"

मी पदर खोचला, चिखलात उतरले आणि मामीच्या मागे दोर धरला.