तारेपलीकडचं कुलूप

अमेरिकेतल्या कॅरीत सुमित्रा खानझोडेंना ओळखत नाही असं मराठी घर सापडायचं नाही, आणि त्या नेमकं काय काम करतात हे सांगू शकेल असंही सापडायचं नाही. सॉफ्टवेअरवाल्यांच्या आणि औषध कंपन्यांतल्या लोकांच्या या गावात "स्टेट गव्हर्नमेंटमध्ये आहे" म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि पुढचा प्रश्न नवऱ्याला विचारतो. बावीस वर्षं हे असंच चाललं आहे. मंडळाच्या गणपतीत एकदा पानावर बसल्या बसल्या कोणीतरी विचारलं, "काकू, रेडिएशन म्हणजे तुम्ही एक्स-रे काढता का?"

"नाही," सुमित्राबाई वरणाची वाटी पुढं सरकवत म्हणाल्या, "काढणाऱ्यांचा घाम काढते."

खरं काम असं. राज्यात जिथं जिथं किरणोत्सारी पदार्थ वापरतात, म्हणजे कॅन्सरची हॉस्पिटलं, कारखाने, रस्ते बांधणाऱ्या कंपन्या, तिथं जाऊन तो नीट जपला जातोय का हे बघायचं. अमेरिकेत हे अधिकार मुळात केंद्राचे, पण बहुतेक राज्यांनी केंद्राशी करार करून ते आपल्याकडे घेतले आहेत. लायसन्स राज्य देतं, तपासणी राज्य करतं, आणि दर काही वर्षांनी केंद्राची माणसं येऊन राज्याचीच तपासणी करतात. लष्करी तळासारख्या खास केंद्राच्या जमिनीवर मात्र राज्याचं काही चालत नाही. तिथं तारेचं कुंपण लागलं की सुमित्राबाईंचा अधिकार संपतो. हे त्यांना इतकं पाठ झालं होतं की त्यावर विचार करायचंच त्यांनी सोडून दिलं होतं, आणि पुढं घात झाला तो यातच.

नागपुरातून फिजिक्सची एम.एस्सी. घेऊन त्या इथं आल्या. पहिली काही वर्षं मुलीच्या मागं गेली, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी त्या या नोकरीला लागल्या. रस्त्याच्या कामावर मातीचा घट्टपणा मोजायचं एक यंत्र असतं. गेज म्हणतात त्याला. पिवळ्या पेटीत बसणारं, हाताला दांडा असलेलं, पोटात थोडंसं किरणोत्सारी सीझियम आणि अमेरिशियम. वापरणारा जवळ नसताना त्याला दोन वेगवेगळी कुलपं हवीत असा नियम आहे. सगळे इन्स्पेक्टर विचारतात, "कुलपं लावता ना?" आणि सगळे टेक्निशियन हो म्हणतात. सुमित्राबाई विचारत नाहीत. पेटीसमोर उभं करून सांगतात, "ओढून दाखवा." एकदा नाही, दोनदा. पहिल्या हिसक्याला टिकून दुसऱ्याला उघडलेली कुलपं त्यांनी इतकी पाहिली आहेत की कुलूपवाल्यांच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास कधीच उडाला.

वेंडेल हा टेक्निशियन त्यांचा लाडका विद्यार्थी. वय एकसष्ट, दक्षिणेकडच्या जुन्या वळणाचा काळा माणूस, रस्त्यांच्या कामावर तीस वर्षं घालवलेला. त्यांना तो 'मिस सुमी' म्हणायचा. पहिल्या तपासणीत त्याचं एक कुलूप दुसऱ्या हिसक्याला उघडलं तेव्हा त्यानं टोपी काढून सांगितलं होतं, "मिस सुमी, हे पुन्हा नाही व्हायचं." त्यानंतर अकरा वर्षं झालं नाही. उलट नव्या पोरांना तोच दोनदा ओढायला लावायचा.

आणि त्याच वेंडेलचं गेज हरवलं.

सप्टेंबरात वादळाचा इशारा आला होता. सगळ्या कामांवरून माणसं घाईघाईनं परतत होती. वेंडेल दिवसभर एकटाच माती मोजत फिरत होता. संध्याकाळी तो घरी पोचला आणि स्वयंपाकघरात कोसळला. स्ट्रोक होता. जीव वाचला, डावा हात थोडा लुळा राहिला, आणि तो एक दिवस डोक्यातून साफ पुसला गेला. वादळ ओसरल्यावर कंपनीनं शोधाशोध केली तर पिकअपमध्ये गेज नाही, ऑफिसात नाही, कामावरच्या कंटेनरमध्ये नाही. कंपनीनं कळवून टाकलं की टेक्निशियननं निष्काळजीपणानं गाडीत उघडं टाकलं आणि ते चोरीला गेलं. वेंडेलला काढून टाकलं.

सुमित्राबाई त्याला भेटायला गेल्या तेव्हा तो खुर्चीत बसून उजव्या हातानं डावा हात चोळत होता.

"कुठं ठेवलं ते आठवत नाही," तो म्हणाला. "पण कुलपं लावली. दोन्ही. ओढूनही पाहिली."

"आठवत नाही म्हणता, मग हे कसं आठवतं?"

"आठवत नाही, मिस सुमी. माहीत आहे."

कंपनीचा मॅनेजर या वाक्यावर हसला होता. सुमित्राबाई हसल्या नाहीत. कधी नव्हे ते एका कुलूपवाल्याच्या शब्दावर त्यांनी विश्वास ठेवला. त्याला परत काम मिळेल न मिळेल, पण तीस वर्षं इमानानं वागलेल्या माणसाला शेवटी निष्काळजी म्हणून घरी बसवायचं, याचा त्यांना संताप आला होता.

नऊ महिने त्या गेजच्या मागं लागल्या. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवले, जुन्या मालाची दुकानं पालथी घातली, कंपनीच्या वहीत त्या दिवशी लिहिलेल्या रस्त्याच्या कामाची इंच न् इंच जमीन किरणोत्सार मोजायचा मीटर घेऊन तुडवली. नकाशावर त्यांनी लाल पेन्सिलीनं शोधाचा पट्टा आखला होता. तो भरत गेला, हाती काही लागलं नाही.

जूनमध्ये केंद्राची तपासणी आली. आठवडाभर आधी साहेबांनी त्यांना हलकेच सुचवलं की सगळे प्रयत्न झालेत, आता 'सापडलं नाही' असा शेरा मारून फाइल बंद करायला हरकत नाही. नियमात बसत होतं ते. उघडी फाइल पाहुण्यांच्या डोळ्यात खुपली असती एवढंच.

घरीही तेच. "अगं, क्लोज कर ना ती," त्यांचे यजमान राजाराम भाजी चिरता चिरता म्हणाले. रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. "रिव्ह्यूच्या तोंडावर कशाला विकतचं टेन्शन? पुढच्या वर्षी तूही रिटायर होशील."

"म्हणूनच नाही करत. बंद केली की वेंडेल कायमचा खोटा ठरतो."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर माझ्या नावानं उघडी राहील. मी मेल्यावर बंद करा."

राजारामनी भेंडीकडे बघत बायकोपुढं हात टेकले.

तपासणीच्या पथकात चौघं होते. दोन केंद्राचे, दोन दुसऱ्या राज्यांतले इन्स्पेक्टर. ही इथली रीतच आहे, एका राज्याचं काम तपासायला दुसऱ्या राज्यांची माणसं येतात. केंद्राकडून आलेल्या दोघांत एक तिशीतली मुलगी होती, अनिका. न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला वाढलेली, आई-वडील सांगलीचे. सुमित्राबाईंनी आडनावावरून ओळखून मराठीत विचारलं तेव्हा ती ओशाळली. "समजतं सगळं. बोलायला आय ॲम व्हेरी बॅड."

"असू दे," सुमित्राबाई म्हणाल्या. मनात मात्र म्हणाल्या, ही पोरगी माझी परीक्षा घेणार म्हणजे कमालच झाली.

पोरीनं घेतलीच. गठ्ठ्यात सगळ्यात वर सुमित्राबाईंनी मुद्दाम ती उघडी फाइल ठेवली होती. लपवायचं नाही म्हटल्यावर वरच ठेवायची, असा त्यांचा खाक्या. अनिकानं ती तासभर वाचली, नकाशा टेबलावर पसरला आणि लाल पट्ट्याच्या टोकावर बोट ठेवलं.

"हा इथंच का थांबतो?"

"तिथं लष्करी तळाचं कुंपण आहे."

"रस्ता थांबतो का तिथं?"

सुमित्राबाई नकाशावर वाकल्या. रस्ता थांबत नव्हता. तो गेटमधून आत जात होता. दोन्हीकडचं काम एकाच कंपनीकडे, एकाच नावानं. कंपनीच्या वहीत कामाचं नाव लिहिलेलं, कुंपणाची कुठली बाजू ते नाही. मॅनेजर नवा होता, त्यानं बाहेरची बाजू सांगितली, आणि यांनी ती मान्य केली. का, तर कुंपणापलीकडचं आपलं नाही. बावीस वर्षांच्या शिस्तीनं पेन्सिल तारेशी थांबवली होती. दुसऱ्या कुणा साध्या माणसानं शोधलं असतं तर तो बिनदिक्कत आत काय आहे म्हणून विचारून मोकळा झाला असता. एवढी ढोबळ चूक करायला नियम पाठ असावे लागतात. सुमित्राबाईंची कानशिलं तापली.

"माझी चूक," त्या म्हणाल्या. "साफ माझी."

अनिकानं चूक कागदावर उतरवण्याऐवजी फोन उचलला. राज्याचं लायसन्स असलेल्या कंपनीला केंद्राच्या जमिनीवर गेज न्यायचं असेल तर केंद्राला आधी कागद पाठवावा लागतो, कुठल्या तारखांना, कुठल्या नंबरचं यंत्र. तो कागद राज्याकडे येत नाही. कारण राज्याचा तिथं संबंध नाही. दीड तासानं अनिकाच्या ऑफिसातून तो आला. कंपनीतल्या जुन्या कारकुनानं नोकरी सोडण्यापूर्वी पाठवलेला. नंबर तोच. तारखा तीन, आणि पहिलीच तारीख वेंडेलच्या डोक्यातून पुसल्या गेलेल्या दिवसाची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी तळावर गेल्या. गेटवर सुमित्राबाईंना पाहुण्याचा बिल्ला मिळाला. मीटर त्यांनी गाडीतच ठेवला, कारण आत तो चालवायचा अधिकार अनिकाचा. आपल्याच शिकारीला रिकाम्या हातानं निघालो याचा त्यांना भयंकर राग येत होता, आणि तो गिळून त्या पोरीच्या मागं चालत होत्या.

वादळानंतर आतलं काम बंद पडलं होतं. कंत्राटदाराचे लोखंडी कंटेनर एका कोपऱ्यात हलवून ओळीनं लावले होते. अकरा. तळाचा एक सार्जंट किल्ल्यांचा जुडगा घेऊन बरोबर होता. अनिका मीटर धरून एकेका कंटेनरशेजारून सावकाश चालत गेली. चौथा, पाचवा, सहावा. सातव्याशी मीटरची टिकटिक दाट झाली.

"थांब," सुमित्राबाई म्हणाल्या. "मागं जा, परत ये."

अनिका मागं गेली, परत आली. टिकटिक पुन्हा तिथंच दाटली. सार्जंटनं दार उघडलं. रंगाचे डबे, ट्रॅफिकचे कोन, आणि त्यांच्या मागं, भिंतीच्या लोखंडी कड्याला साखळीनं बांधलेली धुळकट पिवळी पेटी.

साखळीला एक कुलूप होतं. पेटीला दुसरं.

सुमित्राबाईंचा हात आपोआप पुढं गेला आणि अर्ध्यावर थांबला. इथं तो अधिकार त्यांचा नव्हता. अनिकानं ते पाहिलं. ती वाकली, साखळीचं कुलूप धरून ओढलं आणि उठायला लागली.

"दोनदा," सुमित्राबाई म्हणाल्या.

अनिकानं पुन्हा ओढलं. मग पेटीचं ओढलं, दोनदा. एकही हललं नाही. ती वळली आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच कामाच्या ठिकाणी मराठीत म्हणाली, "मावशी, लावलंय. दोन्ही लावलंय."

सुमित्राबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. सार्जंट बिचारा गोंधळून टोपी नीट करत राहिला.

पुढचे सोपस्कार दुपारपर्यंत चालले. अनिकानं आपले कागद केले, गळती नाही याची चाचणी घेतली, कंपनीच्या मॅनेजरला किल्ल्या घेऊन बोलावलं. सुमित्राबाईंनी तेवढ्यात एकच फोन केला. साखळी सोडवून पेटी गेटबाहेर आणली, म्हणजे ती पुन्हा राज्यात आली, तेव्हा तिथं वेंडेल उभा होता. बायकोनं गाडीतून आणलं होतं त्याला. इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर तीच टोपी.

मॅनेजर पुढं होऊन पेटीच्या कुलपाला किल्ली लावायला लागला.

"आधी नाही," सुमित्राबाई म्हणाल्या. आता त्या आपल्या जमिनीवर होत्या आणि आवाजही जागेवर आला होता. "हे कुलूप नऊ महिन्यांपूर्वी एका माणसानं लावलं. तपासणी राहिली आहे." त्या वेंडेलकडे वळल्या. "ओढून दाखवा."

वेंडेल पुढं आला. त्यानं उजवा हात खिशातून काढलाच नाही. लुळ्या डाव्या हाताची बोटं त्यानं एकेक करून कुलपात अडकवली, वेळ लागला त्याला, आणि ओढलं. कुलूप हललं नाही. त्यानं श्वास घेतला आणि दुसऱ्यांदा ओढलं. मग टोपी काढून तो मॅनेजरकडे बघत राहिला. मॅनेजरनंही आपली टोपी काढली.

सुमित्राबाईंनी गाडीच्या बॉनेटवर फाइल ठेवली आणि शेवटच्या पानावर लिहिलं: सापडलं. दोन्ही कुलपं लावलेली. टेक्निशियननं सांगितलं होतं तसंच. खाली सही करून त्यांनी पेन अनिकाकडे दिलं, कारण यंत्र केंद्राच्या जमिनीवर सापडलं होतं आणि त्या कागदावर दोघींच्या सह्या लागत होत्या.