करडईचं कुंकू

सुरतच्या जुन्या बाजारातून मी करडईचं चित्र आणलं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, मग कुणीतरी हाताने रंगवलेलं. करडईच्या फुलांनी पूर्वी कापड रंगवायचे, म्हणून रंगाच्या झाडांत तिचा मान. विसरवाडीपर्यंत बसमध्ये उभा राहिलो, चित्र मात्र छातीशी धरलं होतं. ब्राह्मणपुरीत ज्याच्या शेतात करडई होते, त्याने करडईचं चित्र विकत आणावं, हे घरात कुणालाच पटेना.

शहाद्याचा फ्रेमवाला देव आणि दिवंगत एवढंच मढवतो. त्याने सोनेरी चौकट ठोकून दिली. आईने ती पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून गणपती, सप्तशृंगी यांच्यासोबत करडईलाही काचेवर हळदकुंकू लावू लागली.

"माय, हाऊ देव नही शे."

"तेल देस ना? मंग?"

एक निवृत्त वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक रविवारी चित्र बघायला येणार होते. त्यांनी अस्सल म्हटलं असतं की माझी अक्कल एकदाची सिद्ध झाली असती. म्हणून शनिवारी आईचं हळदकुंकू धुवायला मी चौकट ओट्यावर आडवी ठेवली आणि काचेवर चक्क तांब्याने पाणी ओतलं. रसिक माणूस ना मी. पाणी कोपऱ्यातून आत शिरलं. बघता बघता फुलाची लाली वाहून गेली, खाली राखाडी काटे उरले. मला रडू यायचंच बाकी होतं.

"मी तं काचवरच लायेल व्हतं," आई म्हणाली. "तू आतलंच धोई टाकं."

रविवारी प्राध्यापक खुर्चीत टेकले आणि भिंतीकडे बघत राहिले. चित्र आईने पुन्हा टांगलं होतं; मी मान खाली घालून बसलो होतो.

"फुलाचा रंग काय टिकलाय हो," ते म्हणाले. "अगदी ताजा."

मी वर पाहिलं. फुलाच्या नेमक्या जागी, काचेवर, कुंकवाचा भरघोस ठिपका होता.

"ताजाच ऱ्हाई ना," आई चहा ठेवत म्हणाली. "आज सकायमाच लावा मी."

प्राध्यापक उठले, जवळ गेले, काचेला बोट लावलं. बोट लाल झालं. क्षणभर त्यांनी त्या बोटाकडे पाहिलं आणि सवयीने ते कपाळाला लावलं.

चित्र अस्सल आहे का, हे विचारायचं राहूनच गेलं.