दुसऱ्या मजल्यावरची खाट

दिल्लीतल्या द्वारकेत मेट्रो नुकतीच आली होती. आमच्या सोसायटीशेजारच्या प्लॉटवरचं काटेरी कीकरचं, म्हणजे वेड्या बाभळीचं, रान साफ करायला एक मशीनवाला रोज यायचा. त्याचं यंत्र जीपहून थोडं मोठं, पण त्याचा लोखंडी हात लांबवर जायचा. हाताला बादली, पंजा किंवा दोन दांड्यांचा काटा लावला की तेच यंत्र माती ओढायचं, झुडपं उपटायचं, खोडं उचलायचं. दर वेळी तो खाली उतरून जोडाची खीळ हलवून बघायचा आणि बघ्यांवर खेकसायचा, "हटो भाई, सिनेमा नहीं है."

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आई त्या दिवशी घरी येणार होती. आमची लिफ्ट सुरू झाली नव्हती आणि तिच्यासाठी आणलेली लोखंडी खाट जिन्यात वळत नव्हती. मी विचारताच त्याने काटा लावला आणि खाट दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत अलगद ठेवली.

तेवढ्यात आईची गाडी आली. सोसायटीचे सेक्रेटरी हसत म्हणाले, "अरे यार, माताजी को भी इसी पे बिठा दो. दो मिनट का काम है."

त्याने इंजिन बंद केलं आणि किल्ली खिशात टाकली.

"अपनी माताजी को बिठाओगे?"

मग आम्ही आईला खुर्चीत बसवून जिन्याने नेलं. मी वरून धरलं. खालची जड बाजू त्याने घेतली. खुर्ची दारात टेकल्यावर आईने विचारलं, "दमलास का रे?"

"बिल्कुल नहीं, माताजी," तो म्हणाला आणि धापा टाकत पायरीवर बसला. मी पाणी आणलं तरी त्याला उठता आलं नव्हतं.