अडखळणारा व्हिडिओ

त्यांचं नाव मला कळलं नाही. देशपांडे नगरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात माझा लॅपटॉप अडकला होता आणि माझ्या आधी आलेले हे म्हातारे गृहस्थ काही हलत नव्हते. त्यांचं ग्राफिक्स कार्ड जळालं होतं. चष्म्याच्या डबीतून त्यांनी पेन ड्राइव्ह काढला, शर्टाला पुसला आणि दुकानदाराला दिला.

दुकानदाराने आधी जुन्यासारखंच कार्ड लावून पाहिलं; त्यावर व्हिडिओ अडखळत चालला. खुर्चीत बसून एक बाई शेंगा सोलत होत्या. "पुरे की रे आता!" म्हणत त्यांनी तोंडापुढे हात धरला आणि हसू अर्ध्यावरच थिजलं. जरा सरकलं, पुन्हा थिजलं.

"अण्णा, नव्या फोनचा व्हिडिओ या कार्डाला उलगडता येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर पडतो," म्हणत दुकानदाराने नवं कार्ड लावलं.

आता बाई सरळ हसल्या, उठल्या, आत गेल्या. पडद्यावर रिकामी खुर्ची उरली.

"मस्त चाललं की!" मीच घाईने म्हणालो.

"हो, पण लगेच गेली," ते म्हणाले. "घरी जरा थांबायची."

पेन ड्राइव्ह आत ठेवून त्यांनी डबी मिटली.

"जुन्यासारखंच द्या."