फॉर्मवरचं दुसरं नाव

मास्तरांना दवाखान्यात दाखल केलं त्या दिवशी काचेपलीकडच्या नर्सने एक साधा प्रश्न विचारला आणि मास्तरीणबाईंच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो पुढे नऊ दिवस गेला नाही. मास्तरांच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. ऑपरेशन दहाव्या दिवशी ठरलं होतं. बाहेर साथ जोरात होती, त्यामुळे नियम असा की पेशंटला भेटायला घरचं एकच माणूस, रोज तेच, आणि तेही पंधरा मिनिटं. नर्सने विचारलं, कुणाचं नाव लिहू? बाई शेजारीच उभ्या होत्या, हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. त्या तोंड उघडणार एवढ्यात मास्तर धापा टाकत म्हणाले, "ताईचं लिहा."

नर्सने बाईंकडे पाहिलं. मग तीच सांभाळून घेत म्हणाली, अडीअडचणीला दुसरं नाव लागतं. मास्तर म्हणाले, हो, मग हिचं घाला. हिचं घाला! शर्टाला जादाचं बटण घालावं तसं. बाईंनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि घरी आल्या.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. दुकानात ते कापायचे आणि बाई शिवायच्या, असं एकतीस वर्षं चाललं होतं. खडूची रेघ कुठे वळली की शिलाईत जादा कापड किती सोडायचं, हे बाईंना विचारावं लागायचं नाही. दोघं दिवसभरात मोजून वीस वाक्यं बोलत असतील. एवढं न बोलता चालतं म्हणजे आपण दोघं एकच आहोत, असं बाईंनी धरून ठेवलं होतं. डॉक्टरांनी झडपेचं सांगितलं तेव्हासुद्धा त्या "काही होत नाही तुम्हाला" म्हणाल्या आणि अर्धवट राहिलेला ब्लाउज पुढे ओढला. दुकानात पाणी शिरलं तेव्हाही त्या हेच म्हणाल्या होत्या. बाईंचा स्वभावच तसा, त्याला त्या तरी काय करणार.

आणि वन्सं, म्हणजे मास्तरांची ही ताई? मास्तरांपेक्षा सात वर्षांनी मोठ्या, पोस्टाच्या काउंटरवरून निवृत्त झालेल्या, दोन गल्ल्या सोडून एकट्या राहणाऱ्या. आई लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच वाढवलं, हे साऱ्या गल्लीला पाठ होतं, कारण त्या ते कुणाला विसरू देत नसत. भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, साठीला आलेल्या माणसाला "बाळ्या" म्हणायच्या. मास्तर गालातल्या गालात हसायचे. बाईंना ते हसू बघवायचं नाही. त्यात आणखी एक खोडी देवाने करून ठेवली होती. दोघी नणंद-भावजया अंगाने अगदी सारख्या, भरदार, बुटक्या. पाठमोऱ्या बघून लोक एकीला दुसरीच्या नावाने हाक मारायचे आणि बाई दिवसभर धुमसायच्या.

या सारखेपणापायीच पुढचं सगळं घडलं. वॉर्डात जाताना अंगावर गाऊन घालायचा, पाठ पूर्ण झाकायची, दोन नाड्या मागे घट्ट बांधायच्या, असा दंडक होता. आत सगळे कमजोर पेशंट, बाहेरचं काही कपड्यावरून जायला नको. दवाखान्याचे गाऊन वन्संच्या पाठीला पुरेनात. मग वन्संनी दुकानाच्या दारात लांबूनच सांगितलं, अगं, मला जरा मोठे दोन शिवून दे. बाईंना माप घ्यावं लागलं नाही. स्वतःलाच लावलं आणि शिवले. म्हणजे आपल्या मापाचा, आपल्या हातचा कपडा घालून ही बया रोज आपल्या नवऱ्याला भेटणार, आणि आपण इथे मशीनवर बसणार!

रोज संध्याकाळी वन्सं दारात येऊन बातमी द्यायच्या. बाळ्या आज दोन घास जास्त जेवला. बाळ्या आज बराच वेळ बोलत होता. काय बोलत होता, हे विचारायला बाईंची जीभ धजायची नाही आणि वन्सं ते सांगायच्या नाहीत. जाता जाता म्हणायच्या, तुझी आठवण काढतो हं. बाईंना ते भीक घातल्यासारखं वाटायचं. एकतीस वर्षांत आपल्याशी जो माणूस वीस वाक्यांपलीकडे गेला नाही, तो हिच्याशी बराच वेळ बोलतो!

आठव्या दिवशी वन्सं तिसरा गाऊन मागायला आल्या. एक दवाखान्याच्या धुलाईत उसवला होता, दुसरा अजून वाळायचा होता, आणि उद्याची तर ऑपरेशनच्या आधीची भेट. बाईंनी मान डोलावली. गाऊन शिवला, सुंदर शिवला. फक्त डावीकडच्या नाडीला मशीन लावलं नाही. कपडा तात्पुरता धरून ठेवायला शिंपी हाताने कच्चा टाका घालतात, तेवढाच घातला. वन्संचा हात जड. बांधतानाच नाडी हातात येणार, बाहेरच्या खोलीत, नर्सच्या देखत, आणि त्यांना परत पाठवणार. आत गेल्यावर नाडी सुटली असती तर? हा विचार त्यांना आला आणि त्यांनी तो ढकलून दिला. मत्सर माणसाला असा हिशेबी करतो आणि बेफिकीरही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला फोन आला. नाडी तुटली, दुसरा कुठलाच गाऊन अंगाला होईना, नर्सने आजच्यापुरतं परत पाठवलं, असं वन्सं सांगत होत्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे बाईंना अधिकच राग आला. वन्सं म्हणाल्या, दुसरं नाव तुझं आहे, तू सुईदोरा घेऊन ये, गाऊन तिथेच ठेवलाय, आजची भेट फुकट जायला नको. बाई चप्पल घालून निघाल्यासुद्धा.

बाहेरच्या खोलीत त्यांचा ताप मोजला, खोकला आहे का विचारलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले. बाकावर बसून त्यांनी नाडी चांगली चार पदरी पक्की केली. नर्स कौतुकाने म्हणाली, हे शिवणारं कोण होतं हो, किती कच्चं काम. बाईंनी दोऱ्याला गाठ मारली. मग मास्क, त्यावर दुसरा मास्क, टोपी, तोंडासमोर प्लास्टिकची काच. पलंगापासून दूर, जमिनीवर चिकटपट्टीची चौकट होती, तिच्यातली खुर्ची सोडायची नाही आणि काही झालं तरी मास्क काढायचा नाही.

आत मास्तर उशीला टेकून बसले होते. चष्मा नव्हता. नाकात नळी, शेजारी यंत्राची घरघर. नऊ दिवसांत माणूस आक्रसला होता. बाई खुर्चीवर बसल्या आणि शब्द जुळवू लागल्या, तेवढ्यात मास्तरच बोलले.

"ताई, आज उशीर केलास."

अहो, मी आहे, एवढंच बाईंना म्हणायचं होतं. पण मास्तर थांबलेच नाहीत. रात्रभर डोळा लागला नाही म्हणाले. छाती उघडणार, मग जागच आली नाही तर, हेच डोक्यात फिरत राहतं म्हणाले. बोलता बोलता त्यांची हनुवटी थरथरायला लागली आणि ते चक्क रडले, लहान पोरासारखे, नाकातली नळी सांभाळत. बाईंनी त्यांना एकतीस वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हासुद्धा नाही.

"हिला येऊ देऊ नकोस," मास्तर म्हणाले. "हिच्यासमोर मला घाबरता येत नाही. ही म्हणेल, काही होत नाही तुम्हाला. मग मला मान हलवावी लागेल."

बाईंच्या काचेवर आतून वाफ धरली. वन्संचा एवढा हेवा त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. वीस वाक्यं आपल्या वाट्याला आणि हे सगळं तिच्या. आता काय, एक "अहो" म्हटलं की संपलं. माणूस डोळे पुसेल, सावरून बसेल, दुकानातले मास्तर होईल आणि तसाच उद्या आत जाईल. बाईंनी तो शब्द गिळला.

"तुला नाही भीती वाटत, ताई?" मास्तरांनी विचारलं.

दोन मास्कांमागून, घरघरीच्या वर आवाज जाईल इतपत, बाई म्हणाल्या, "वाटते रे बाळ्या. फार वाटते. घरी हातात काम ठरत नाही." त्यातला शब्दन् शब्द खरा होता. रोज मशीनवर बसून त्या शिवलेलं उसवत होत्या.

मास्तरांचा चेहरा सैल पडला. बरं वाटलं म्हणाले. तेवढ्यात नर्सने काचेवर टकटक केली.

गाऊन डब्यात टाकून, पुन्हा हात धुऊन बाई बाहेर आल्या. फाटकापाशी झाडाखाली वन्सं ताटकळत उभ्या होत्या. बाईंनी मधलं अंतर सोडून आधी नाडीचं सांगून टाकलं. मुद्दाम केलं म्हणाल्या, मला जायचं होतं म्हणून. वन्संचा चेहरा उतरला. मग त्यांनी एवढंच विचारलं, भेटला ना नीट? बाईंनी मान हलवली. उद्या सकाळी ऑपरेशनला नेण्याआधी पाच मिनिटं एकाला सोडणार होते.

"उद्या तुम्हीच जा, वन्सं," बाई म्हणाल्या. "त्यांना फार भीती वाटतेय."

"तुला सांगितलं त्याने?" वन्सं चकित झाल्या.

"मला नाही," बाई म्हणाल्या, "तुम्हाला सांगितलं."